गावातल्या रोजगारासाठी देणगी: दोन लाख रुपये, सहा घरं, दोन वर्षं

आमच्या गावकरी मंडळानं पुण्यातून गावाला पहिली देणगी दिली ती अकरा शिलाई मशिनांची. मारुतीच्या देवळासमोर मांडव, नारळ, भाषणं, प्रत्येक मशिनीला झेंडूची माळ. दीड वर्षानं मी गावी गेलो तेव्हा एका घरात मशिनीवर टीव्ही होता, दुसऱ्या घरात ज्वारीचं पोतं. प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. मी विचारलं तशी घरातली बाई हसली. म्हणाली, "भाऊ, अकरा जणी शिवायला बसल्यावर शिवून घ्यायला कोण येणार? शिवणाऱ्या तिघी तर आधीच होत्या की."

माझी नोकरी बँकेतली, त्यातली बरीच वर्षं ग्रामीण शाखांत गेली. कर्जाच्या अर्जावर 'माल कुठे विकणार' हा रकाना कोरा दिसला की मी अर्ज परत करायचो. देणगीला अर्जच नसतो, त्यामुळे आम्हाला हा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि आम्हीही स्वतःला विचारला नाही.

त्यानंतर आम्ही शेळ्यांकडे वळलो. तिथंही चुका केल्या, पण त्या सुधारता आल्या. आईवडिलांच्या स्मरणार्थ, निवृत्तीच्या पैशातून किंवा चारचौघांनी मिळून गावासाठी लाख-दोन लाख काढणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ती सगळी रीत इथं क्रमानं लिहितो. उदाहरण शेळीचं घेतलंय, कारण आमचा भाग धाराशिवचा, म्हणजे उस्मानाबादी शेळीचं माहेरच. तुमच्या गावात शेळीच्या जागी दुसरं काही बसेल, ते पुढं येईलच.

१. आधी गावात जा, आणि दसऱ्यानंतर जा

गणपतीत किंवा जत्रेला गाव भरलेलं असतं. खरं गाव दसरा झाल्यावर दिसतं. धाराशिव-बीडकडची घरंच्या घरं तेव्हा ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावर असतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते, ती फेडायची म्हणजे नवरा-बायकोचा कोयता कारखान्यावर गेलाच पाहिजे. अशा घराला ऑगस्टमध्ये शेळ्या दिल्या तर ऑक्टोबरमध्ये त्या बाजारात जाणार. आमच्या पहिल्या खेपेत दोन घरांनी हेच केलं. आम्ही चिडलो. आता वाटतं, त्यांच्या जागी आम्ही असतो तर वेगळं काय केलं असतं?

म्हणून पहिल्या भेटीत पैशाचा विषय काढू नका. दोन दिवस राहा आणि विचारत फिरा. दसरा ते पाडवा घरी कोण असतं? जनावराला पाणी कुठून आणता? घरात आधी शेळ्या होत्या का, असतील तर गेल्या कुठं? या शेवटच्या प्रश्नाला मिळणारी उत्तरं सोन्यासारखी असतात. "पटापट मेल्या", "पोरीच्या लग्नात विकल्या", "शेजाऱ्याच्या तुरीत शिरल्या म्हणून भांडण झालं". तुमच्या योजनेवर येणारी संकटं इथंच कळतात.

निवड करताना गावात बारा महिने राहणाऱ्या एकल बायका, विधवा, म्हातारी सासू मागं ठेवून तोडीला जाणारी घरं, असं बघत जा. यादी मात्र तुम्ही करू नका आणि पुढाऱ्यांकडूनही घेऊ नका. बचत गटाच्या बैठकीत बायकांनाच नावं ठरवू द्या. कुणाच्या घरी सकाळी चूल पेटत नाही हे त्यांना ठाऊक असतं.

२. घेणारा कोण, ते आधी बघा

हा प्रश्न सुटला नाही तर पुढचं वाचायची गरज नाही. शेळीचं बरं असतं, बोकडाला गिऱ्हाईक दारात येतं. आषाढात, बकरी ईदेला, जत्रांच्या दिवसांत भाव चढतो. पापड, मसाले, अगरबत्ती, कापडी पिशव्या यांना असं दारात कुणी येत नाही. तुमच्या मनात असलं काही असेल तर देणगीआधी महिनाभर तालुक्याच्या बाजारात तो माल स्वतः विकून बघा. दुकानदार उधारीवर किती दिवस ठेवतो, शिल्लक माल परत करतो का, हे एका महिन्यात कळतं.

पालघर जिल्ह्यात जव्हार-विक्रमगडकडे मोगरा रुजला. कळी पहाटे खुडायची आणि ती दादरच्या फूलबाजारात पोचवायची, असा रस्ता त्याला मिळाला. झाड लावणं त्यातलं सोपं काम आहे. त्याच भागात बाएफ या संस्थेनं 'वाडी' पसरवली. साधारण एकरभर जमिनीत आंबा-काजू, कडेनं लाकूडफाट्याची झाडं आणि फळ धरेपर्यंत मधल्या जागेत आंतरपीक. आंब्याला उत्पन्नावर यायला चार-पाच वर्षं लागतात. तेवढे दिवस शेतकऱ्यानं काय खायचं याचं उत्तर आंतरपिकानं दिलं, म्हणून वाडी टिकली. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला सुरू केलेल्या या संस्थेकडून शिकण्यासारखं खूप आहे. मला विचाराल तर सगळ्यात मोलाचं हे मधल्या वर्षांचं भान.

आणि कधी कधी पैशाचा प्रश्नच नसतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना हातात आला. त्यानंतर आपल्याच जंगलातला बांबू गाव स्वतः विकू लागलं. अशा गावात यंत्रं वाटण्यापेक्षा मोजणी, नकाशे, दावे, तालुक्याचे हेलपाटे यांचा खर्च उचललेला बरा. त्या खर्चाचा फोटो चांगला येत नाही, एवढंच.

३. पैसा कुणाच्या हातून जाणार

दोन वाटा आहेत. एक, गावातला चालता बचत गट. दुसरी, त्या तालुक्यात काम करणारी नोंदणीकृत संस्था. थेट एखाद्या माणसाच्या हातात देऊ नका, तो तुमचा सख्खा चुलतभाऊ असला तरी. चुलतभाऊ असेल तर मुळीच नको.

गट चालू आहे का हे बघायला वही मागा. बैठक नियमित, बचत नियमित, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी, ही पंचसूत्री गटातल्या बायका घडाघडा म्हणून दाखवतात. आपण वहीत सह्या बघायच्या. बारा बैठकांच्या सह्या एकाच शाईत, एकाच बैठकीत केल्यासारख्या दिसल्या तर समजून जा. वहीत खाडाखोड, कुणाचा अंगठा, "सौ. अमुक आजारी म्हणून गैरहजर" असं दिसलं की तो गट खरा. 'उमेद' या सरकारी ग्रामीण अभियानामुळे बऱ्याच गावांत ग्रामसंघही, म्हणजे गावातल्या गटांचे संघ, झालेत. ग्रामसंघ असेल तर त्याच्या बैठकीत तुमचा विषय येऊ द्या, नाहीतर गावात दोन तट पडतात.

संस्थेकडे जाणार असाल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि सध्याच्या विश्वस्तांची यादी मागा. यादीतला कुणी वारून पाच वर्षं झाली आणि बदल अर्ज अजून दाखल नाही, असं निघालं तर कारभार किती ढिला आहे ते कळतं. हिशेबात पगार आणि प्रवास दिसला म्हणून नाक मुरडू नका. आठवड्याला गावात जाणाऱ्या कार्यकर्त्याचं पेट्रोल हा या कामाचा कणा आहे. "आम्ही शंभर टक्के रक्कम लाभार्थ्यांपर्यंत पोचवतो" असं सांगणाऱ्या संस्थेला मीच चार प्रश्न जास्त विचारतो.

करसवलत हवी असेल तर संस्थेला '८०जी' म्हणून ओळखली जाणारी आयकर खात्याची मान्यता हवी. नुसती पावती पुरत नाही, संस्थेनं तुमच्या देणगीची नोंद आयकर खात्याकडे करून तसं प्रमाणपत्र द्यावं लागतं. दोन हजारांच्या वरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत आणि वस्तूरूप देणगीला सवलत नाही. नव्या कररचनेत असाल तर ही सवलत मिळतच नाही. बचत गटाला दिलेल्या पैशावरही ती नसते. आमच्या मंडळातल्या दोघांनी हे ऐकून हात आखडता घेतला. ठीक आहे, पण ते आधी कळलेलं बरं.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी एवढं लक्षात असू द्या. तुमचा पासपोर्ट भारताचा असेल तर तुमची स्वतःची कमाई परदेशी देणगी धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल, तर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी ठरते. मग संस्थेला परदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी लागते आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम एका संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही. म्हणून "मुंबईच्या संस्थेला देतो, ते पुढं गावातल्या गटाला देतील" हा मार्ग बंद आहे. गटाच्या खात्यात थेट डॉलर पाठवायचा उत्साह तर टाळाच. निस्तरावं लागतं ते गावातल्या बायकांना.

४. दोन लाखांची मांडणी

शेळीच्या धंद्यात एक शेखमहंमदी हिशेब फार चालतो. दोन शेळ्या, प्रत्येकीला जुळी, वर्षात दोनाच्या सहा, पुढच्या वर्षी अठरा. उस्मानाबादीला जुळी होतात हे खरं, गाभणकाळ पाच महिन्यांचा आणि दोन वर्षांत तीन वेतं मिळतात हेही खरं. पण पावसाळ्यात करडं मरतात, शेळी गाभडते, एखादीला लांडगा नेतो. कागदावरच्या आकड्याचा निम्मा धरून चाला.

आमची मांडणी अशी होती. भाव तुमच्या भागातले घाला, प्रमाण बघा. सहा बायकांना प्रत्येकी दोन शेळ्या, नऊ हजारांना एक, म्हणजे १,०८,०००. सगळ्यांत मिळून एक जातिवंत बोकड १५,०००. विमा, लसी, जंतनाशक आणि गाडीभाडं १२,०००. जनावरांची देखभाल शिकलेल्या गावातल्या बाईला, म्हणजे पशुसखीला, महिना दीड हजार असं अठरा महिन्यांचं मानधन २७,०००. वजनाचा टांगता काटा ३,०००. झाले १,६५,०००. उरलेले ३५,००० गटाच्या खात्यात वेगळे ठेवायचे. पहिल्या वर्षी त्याला हात लावायचा तो दोनच कारणांनी: शेळी मेली आणि विमा मिळाला नाही, किंवा एखाद्या घरात उन्हाळ्यात खायलाच काही नाही.

या दुसऱ्या कारणावर आमच्या मंडळात दोन बैठका भांडण झालं. "आपण रोजगार देतोय, शिधा नाही," असं एकाचं म्हणणं. पण शेळीपासून पहिला पैसा हातात यायला वर्ष जातं. मधे पोटाला चिमटा बसला की शेळी विकली जाणार. हे माझं एकट्याचं मत नाही. बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेनं २००२ मध्ये अतिगरीब घरांसाठी एक रीत बसवली: जनावर किंवा दुसरं साधन, काही महिने खाण्यापुरता पैसा, शिकवण, बचत, आणि दोन वर्षं कार्यकर्त्याच्या नेमानं भेटी. ही रीत सहा देशांत तपासून बघितली गेली, त्यात आपल्याकडचा पश्चिम बंगाल होता. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो अभ्यास २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. दहा हजारांवर घरं होती, आणि योजना संपून वर्ष उलटल्यावरही बहुतेक ठिकाणी ती घरं आधीपेक्षा बऱ्या स्थितीत होती. होंडुरासमध्ये मात्र फायदा टिकला नाही. तिथं बऱ्याच जणांना कोंबड्या दिल्या होत्या, आणि त्या रोगानं मेल्या. मंडळातल्या वादात मला कामी आलं ते हे होंडुरास.

५. खरेदी बायकांनाच करू द्या

पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या पुढं-मागं घ्या. चारा असतो, रोगराई कमी असते. आठवडी बाजारातून एकगठ्ठा माल घेऊ नका. बाजारात येणाऱ्या शेळीत काहीतरी खोट असते, नाहीतर मालकानं ती विकली नसती. शेजारच्या गावातल्या माहितीच्या कळपातून घ्या.

आमच्या पहिल्या खेपेची खरेदी आम्ही पुरुषांनी केली, एका व्यापाऱ्याकडून, दोन तासांत. बारातल्या चार शेळ्या महिन्याभरात गेल्या. दुसऱ्या खेपेला सहा जणींना टेम्पोत बसवून नेलं. त्यांतल्या एका आजींना मी बघत होतो. शेळीचा खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढला, दात मोजले, "दोन दाती हाय, पहिलाच वेत" म्हणाल्या. मग कासेखाली हात घालून दोन्ही सड दाबून बघितले, गाठ नाही ना. शेपूट वर केली, हगवणीचा डाग नाही ना. शेवटी मालकाला म्हणाल्या, "हिची आई दाखव." आईला जुळी होती की एकटं, ते विचारलं. एका शेळीला अर्धा तास. मालक वैतागला. त्या बारापैकी वर्षभरात एकच मेली.

घरी आणल्यावर पंधरा दिवस गावातल्या जुन्या शेळ्यांपासून लांब बांधा. विम्याचा बिल्ला कानात त्याच आठवड्यात मारून घ्या, बाईच्या नावावर. बिल्ला नसेल तर दावा नाही. शेळी मेली तर पुरायच्या आधी पशुवैद्यकाचा पंचनामा झाला पाहिजे, हे सहाही घरांत दोनदा-तीनदा सांगा.

६. पहिला पावसाळा पार पाडणं

सगळा कस इथं लागतो. पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस आणि जूनच्या आत आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची, या दोन चुकल्या तर एका आठवड्यात गोठा रिकामा होतो. सरकारी दवाखान्यात लस येते, पण कधी येते हे कळायला कुणीतरी तिथं जावं लागतं. ते काम पशुसखीचं. तिला लस, जंताचं औषध, खूर कापणं, करडाला जन्मल्या जन्मल्या चीक पाजणं हे शिकवलेलं असतं. 'उमेद'मधून शिकलेल्या पशुसख्या बऱ्याच तालुक्यांत आहेत, नव्यानं शोधायची गरज पडत नाही. मोठ्या आजाराला १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरता पशुदवाखाना मिळू शकतो. तो नंबर आम्ही गोठ्याच्या दारावर चुन्यानं लिहून ठेवलाय.

पशुसखीचं मानधन अठरा महिनेच का? कारण त्यानंतर तिनं गावाकडून पैसे घ्यायला लागायचं असतं, एका लसटोचणीचे पाच-दहा रुपये. पहिल्या दिवसापासून हे जाहीर करा. फुकटाची सवय लागली की पुढं एक रुपया निघत नाही.

चाऱ्यासाठी बांधावर शेवरी, हदगा, सुबाभूळ लावायला पावसाचा पहिला आठवडा गाठा. जमीन नसलेल्या बाईला दुसऱ्याचा बांध मिळेल का हे गटात आधीच बोलून घ्या. गोठ्यात जमीन ओली राहू नये म्हणून मुरूम टाकून उंच करून घ्यायची. यावर लिहिण्यासारखं अजून आहे, पण ते पशुसखी माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. बोकड मात्र दर दोन वर्षांनी बदला, नाहीतर तो आपल्याच लेकींवर जातो आणि करडं खुरटी निपजतात.

७. तीन हजारांचा काटा

सगळ्या देणगीत सर्वात जास्त कमावून दिलं ते या वस्तूनं. बोकड विकला जातो नजरेनं. व्यापारी पाठीवरून हात फिरवतो, कमरेला चिमटीत धरून उचलल्यासारखं करतो आणि आकडा सांगतो. आमच्या डोळ्यांदेखत एक जण म्हणाला, "अठरा किलो भरंल, बाई." गटाच्या बाईनं काही न बोलता लिंबाच्या फांदीला काटा अडकवला, बोकडाच्या पोटाखालून गोणपाट घालून तो टांगला. तेवीस. व्यापारी म्हणाला, काटा खोटा आहे. तिनं शेजारच्या दुकानातून पाच किलोचं माप आणून लावलं. पाचच.

त्या दिवशी सौदा झाला नाही. चार दिवसांनी तोच परत आला.

काटा असला तरी अडीनडीची विक्री थांबत नाही. जूनमध्ये शाळेच्या खर्चाला तीन महिन्यांचं करडू जातं, जे आणखी चार-पाच महिने ठेवलं तर दुपटीहून जास्त देतं. त्यासाठी गटातून दोन-तीन हजारांचं कर्ज एका दिवसात मिळालं पाहिजे. उरलेल्या पस्तीस हजारांतले काही दुसऱ्या वर्षी इकडं वळवा.

८. भेटी, फोटो आणि परतीचं करडू

वर्षातून तीनदा जा, त्यातली एक भेट न कळवता. गेल्यावर शेळ्या मोजू नका, मोजायला लागलात की शेजारच्या शेळ्या आणून बांधतात, आमच्याकडे हे झालंय. करडं किती झाली, किती मेली, कशानं मेली, हे विचारा आणि मेलेल्यांबद्दल ओरडू नका. एकदा ओरडलात की पुढच्या वेळी एकही मेलेली नसते. फलक, हार, लाभार्थी बाईच्या हातात शेळीची दोरी देऊन काढलेला फोटो, हे सगळं टाळलं तर उत्तम. तिला त्याच गावात राहायचं असतं.

आमच्याकडे शेळी अर्धलीनं द्यायची रीत जुनी आहे: शेळी मालकाची, राखण दुसऱ्याची, पिल्लं निम्मी-निम्मी. आम्ही त्याला जरा वळण दिलं. दोन वर्षांत प्रत्येकीनं दोन माद्या परत करायच्या, आम्हाला नाही, गटानं ठरवलेल्या पुढच्या बाईला. मादी सहा महिन्यांच्या वरची, लस टोचलेली, आणि निवडणार ती घेणारी. ही शेवटची अट बायकांनीच घातली. आधी आम्ही "देणारीनं द्यावी" असं लिहिलं होतं, तेव्हा एकीनं विचारलं, "मग लंगडी कोण ठेवून घेईल?"

गेल्या पाडव्याला परतीच्या दहा माद्या झाल्या. व्हायला हव्या होत्या बारा. एका घरच्या दोन्ही अजून यायच्यात. ते घर त्या वर्षी तोडीला गेलं होतं, आणि गटानं त्यांना दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे.